रेडा, शेळी आणि दत्ताराम

दत्ताराम आणि आनंदीचं ते भांडण मी ऐकलं तेव्हा आमची मीरा रोडची बिल्डिंग नवी कोरी होती आणि भिंती मात्र पापडासारख्या. कोणी म्हणेल, म्हातारी कान लावून बसली होती. तर तेव्हा मी म्हातारी नव्हते, आणि कानही लावला नव्हता. मी भाकऱ्या थापत होते. भिंतच कानाशी आली होती.

“दहाच दिवस,” दत्ताराम म्हणत होता. “शेठ आपणहून म्हणाले, घेऊन जा. गिऱ्हाईक दुबईला गेलंय. गाडी नुसती उभी राहून खराब होईल.”

“म्हणजे गिऱ्हाइकाची गाडी?” हा आनंदीचा आवाज.

“हो, पण शेठ स्वतः...”

“मला पाचवा महिना आहे.”

“म्हणून तर आत्ता. नंतर काय जमणार आहे? एकदाच. कन्याकुमारी.”

“काय ठेवलंय तिथे?”

“रस्ता संपतो तिथे.”

यावर आनंदी हसली. रडली असती तर बरं झालं असतं, असं ते हसणं. “लोकांच्या गाड्या लोकांच्या दारात पोचवणारा माणूस तुम्ही. आणि फिरायला जाणार तेही लोकांच्याच गाडीवर! स्वतःची आणा. स्वतःची गाडी दारात उभी करा, मग कन्याकुमारीला जा नाहीतर लंकेला जा. मी अडवलं तर भैरी माझं तोंड वाकडं करील!”

पलीकडून ताटली सरकवल्याचा आवाज आला. दत्ताराम जेवायला बसला असणार. त्याचं भांडण नेहमी असंच संपायचं.

भैरी म्हणजे आमच्या गावचा देव. दत्तारामचं गाव आणि माझं सासर एकच, गुहागरच्या अलीकडे. आमच्या ह्यांनीच त्याला शेजारची जागा दाखवली होती. आमचं घराणं गुरवाचं, देवाची पूजा आणि कौल लावायचा मान आमच्याकडे, म्हणून मी सांगते, भैरीची शपथ आमच्याकडे कोणी उगाच घेत नाही. घेतली की ती माणसाच्या मानेवर बसते. आनंदीच्या मानेवर ती अठ्ठावीस वर्षं बसून होती.

दत्ताराम काशीगावला हायवेजवळ एका गॅरेजमध्ये होता. मेकॅनिक नव्हता. सकाळी गिऱ्हाइकाच्या घरी जायचं, मोटरसायकलची चावी घ्यायची, गाडी गॅरेजला न्यायची. दुरुस्त झाली की परत नेऊन उभी करायची, चावी हातात द्यायची, सही घ्यायची आणि चालत निघायचं. एवढंच काम त्याने जन्मभर केलं. त्याच्याआधी एक माणूस होता, तो गिऱ्हाइकांच्या गाड्यांवर बायकोला गोराईला फिरवायचा. तेव्हापासून म्हाताऱ्या शेठनी कार्ड काढलं. गाडी घेताना मीटर किती, पोचवताना किती, दोन्ही आकडे लिहायचे. शेठ गेले, त्यांचा मुलगा चंदन आला, तो कार्डाकडे ढुंकून बघायचा नाही. पण दत्ताराम लिहायचाच. शाई संपली तर वाटेतल्या पानवाल्याकडून पेन मागून लिहायचा.

हजारो गाड्या चालवल्या असतील त्याने. तीनशे पन्नासच्या, शंभरच्या, परदेशी, काही तर नवऱ्या मुलीसारख्या नटवलेल्या. पण एकीवरही सात-आठ किलोमीटरच्या पुढे गेला नाही. बिल्डिंगमधून गाडीचा आवाज ऐकून सांगायचा, “काकी, ह्याची चेन सैल आहे. पंधरा दिवसांत येतो बघा आमच्याकडे.” आणि यायचा तो.

स्वतःची गाडी घ्यायची राहूनच गेली. आधी खोलीचे हप्ते, मग मुलाचं, अभिनवचं शिक्षण, मग अभिनवची स्कूटर. आनंदीला त्याने मागे कधी बसवलं नाही. नवी नवरी असताना ती एकदा म्हणाली होती, उत्तनला समुद्र दाखवा, गॅरेजची गाडी आहेच ना खाली. हा म्हणाला, “मीटर वाढेल.” दोघं बसने गेली. येताना बस मिळाली नाही, मासेवालीच्या टेंपोत टोपल्यांच्या मध्ये बसून आली. आनंदीची लग्नातली साडी होती ती. नंतर तिने ती कधी नेसली नाही आणि टाकलीही नाही. मला कितीदा काढून दाखवली असेल. “वास घ्या काकी. अजून येतोय की नाही?” मला काही यायचा नाही. मी म्हणायचे, येतोय बाई.

माझं आणि दत्तारामचं नातं गोळ्यांचं. माझे गुडघे गेले, तिसऱ्या मजल्यावरून उतरणं संपलं. मुलगा आणि सून कामाला. दर दहा दिवसांनी दत्ताराम माझ्या प्रेशरच्या आणि साखरेच्या गोळ्या आणायचा. नात सान्वी म्हणायची, “आजी, ॲपवर मागवते ना मी, दारात येतात.” येतात. पण ॲप दारात उभं राहून “काकी, आज डावा पाय कसा?” असं विचारत नाही. शिवाय आमच्या दाराची आपोआप बसणारी कडी. दार खाली बसलंय, थोडं वर उचलून ओढलं तरच लागतं. घरातल्या कोणाला जमत नाही, सगळे आपटतात. दत्ताराम उचलून ओढायचा. आवाजसुद्धा नाही.

परवाच्या दिवाळीत चंदन शेठने सांगितलं, गॅरेज बंद. जागेवर टॉवर येणार. दत्ताराम तेव्हा अठ्ठावन्नचा. चंदन तसा मनाचा वाईट नाही. म्हणाला, “दत्ताभाई, मागे त्या दोन गाड्या पडल्यात ना, मालक सह्या करून सोडून गेलेत. त्यातली कोणती पण एक घ्या. कागद मी करून देतो. दूसरी भंगार में जाएगी.”

त्या संध्याकाळी दत्ताराम जिना चढून आला तो आपल्या दारी न जाता माझ्या दारी. म्हणाला, “काकी, स्वतःची गाडी.”

मला आधी कळलंच नाही. मग भाकऱ्या आठवल्या.

दोन गाड्या अशा. एक काळी, जाडजूड, तीनशे पन्नासची. दोनशे किलोला थोडी कमी. आवाज असा की पोटात भूक लागल्यासारखं होतं. तिचं नाव दत्तारामने ठेवलं होतं रेडा. तिचा मालक तिला ठेवून परदेशी गेला त्याला नऊ वर्षं झाली, आणि नऊ वर्षं दर सोमवारी दत्तारामने तिला किक मारून पाच मिनिटं जिवंत ठेवली होती. दुसरी सव्वाशेची. कधीकाळी लाल असलेली, आता उन्हात उभी राहून विटलेली, सीटला ठिगळ, आरसा एकच. ती शेळी.

चंदनने आठ दिवस दिले. एक दिवस रेडा घेऊन यायचा, दुसऱ्या दिवशी शेळी. बिल्डिंगला फुकटचा तमाशा झाला. सेक्रेटरी जितेंद्र रोज संध्याकाळी खाली खुर्ची टाकून बसायचा.

“काय दत्ताराम, कन्याकुमारीला पोचलास की चावी कोणाच्या हातात देणार?”

“आणि कार्डावर सही?” दुसरा कोणी.

“समुद्राची घे! अंगठा लावेल तो.”

दत्ताराम हसायचा. त्याचं हेच चुकायचं. चेष्टा करणाऱ्यांबरोबर तोही हसायचा, त्यामुळे चेष्टा कधी थांबायचीच नाही. शेळीच्या मागे त्याने तांदळाच्या दोन पिशव्या बांधल्या, सामानाचं वजन बघायला, आणि कंपाउंडमध्येच अकरा फेऱ्या मारल्या. बाहेर नेईना. का, तर गाडी अजून नावावर झाली नाही, मीटर वाढेल. गॅलरीतून बायका फेऱ्या मोजत होत्या. अभिनव त्याचं शूटिंग करत होता. सत्तावीस वर्षांचा घोडा, बापाच्या फेऱ्यांना गाणं लावून त्याने बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं. सान्वीने मला दाखवलं. मी हसले. खोटं कशाला बोलू, पोट धरून हसले.

शेवटी चंदनच ओरडला, “दत्ताभाई, तुमचीच आहे आता, मीटर फाडून टाका!” तेव्हा कुठे तो एकेक गाडी घोडबंदरच्या चढापर्यंत नेऊन आला.

घरात दोन पक्ष पडले. अभिनवचा रेडा. “बाबा, शेळीवर कोण जातं हो? लोकांना वाटेल कुरिअरवाला आलाय.” आनंदीचा पक्ष कुठलाच नव्हता. ती गप्प होती. आनंदी गप्प झाली की मला भीती वाटते.

सहाव्या दिवशी दुपारी ती माझ्याकडे आली. दार आपटलं, बसली.

“काकी, ते जाणार.”

“जाऊ दे की. अठ्ठावीस वर्षं थांबला.”

“एकटे जाणार. मी म्हटलं, मला न्याल का मागे बसवून? म्हणाले, तुझी कंबर दुखेल. माझी कंबर! उत्तनपर्यंत नेताना ह्यांचा मीटर वाढत होता. आता सोळाशे किलोमीटर जायला मीटर वाढत नाही?”

मी तिच्यासमोर पाण्याचा तांब्या सरकवला.

“मी नाही म्हणू शकत नाही. शपथ घेतलीय भैरीची.” तिने माझ्याकडे बघितलं. “तुम्ही ऐकली होतीत.”

अठ्ठावीस वर्षांनी मला कळलं की भिंत दोन्हीकडून पातळ होती.

“तर मी त्यांना म्हटलंय,” आनंदी म्हणाली, “मी अडवत नाही. पण कौल घ्या. भैरीने उजवा दिला तर मी स्वतः चाकाखाली नारळ ठेवीन. ते लगेच हो म्हणाले. तुमच्याकडून गावी फोन करायचा आहे.”

आमच्यात लांबच्या प्रवासाला, लग्नाला, घर बांधायला देवाला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि वाट बघायची. देवाच्या उजव्या अंगाची कळी आधी पडली तर हो. डाव्या अंगाची पडली तर नाही. मग वकील नाही, अपील नाही. आता देवळात माझ्या दिराचा नातू साईराज असतो. मुंबईकर फोन करतात, तो कौल लावून सांगतो. परदेशातूनसुद्धा येतात फोन.

“मग विचारू की,” मी म्हटलं.

“विचाराच. पण काकी...” ती माझ्या गुडघ्यापाशी सरकली. “देव काहीही म्हणाला तरी तुम्ही डावा सांगा.”

मी तिला जोड्याने मारायला हवं होतं. गुरवाच्या घरची मी. कौल उलटा सांगणं म्हणजे काय ते मला शिकवायला नको. मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात ती म्हणाली, “वीस दिवस जाणार ते. तुमच्या गोळ्या कोण आणणार?”

बघा, किती बारीक बाई. ॲपचं मला ठाऊक होतं. सान्वी होती. मुलगा होता. पण वीस दिवस दार आपटत राहणार आणि पायाचं कोणी विचारणार नाही, हे मला तिथल्या तिथे दिसलं. आणि दुसरंही एक होतं, तेही सांगून टाकते. मी ह्या तिसऱ्या मजल्यावर अडकले, आणि हा माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान माणूस उठून रस्ता संपेपर्यंत जाणार, हे मला कुठेतरी खुपलं.

मी म्हटलं, “बघू.”

आनंदी उठली. तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साईराजला फोन लावला. नाव सांगितलं, गाव सांगितलं, प्रश्न सांगितला. तो म्हणाला, आजी, फोन ठेवू नका, चालूच राहू दे. त्याचं गाऱ्हाणं ऐकू आलं, “होय महाराजा” म्हणणारी दोन-चार माणसं ऐकू आली. कधीकधी देव तासभर बोलत नाही. मी खुर्ची ओढून नीट बसले. बसते ना बसते तोच साईराज ओरडला, “उजवा, आजी! लगेच! मी हात काढतोय तोवर पडली कळी. असा कौल वर्षात एखादाच.”

“बरं,” मी म्हटलं. “नारळ ठेव माझ्या नावाने.”

संध्याकाळी दत्ताराम आला. हातात औषधवाल्याची पिशवी. आनंदी त्याच्यामागे येऊन तिच्या दारात उभी राहिली, मला दिसेल अशी.

तो पाटावर बसला. खुशीत होता. “काकी, ठरलं माझं. शेळी.”

“अरे, सगळे रेडा म्हणतायत.”

“रेड्यावर बसलं की वाटतं आपण कोणीतरी आहोत. शेळीवर बसलं की तसं काही वाटत नाही. नुसता रस्ता दिसतो.” मग खाली बघून म्हणाला, “आणि परवा गॅरेजमध्ये कोणी नसताना मी रेडा आडवा करून बघितला. उचलता येईना. अर्धा तास तसाच बसलो त्याच्याशेजारी, कोणी येईपर्यंत. वाटेत एकटा पडलो तर? शेळी मी एका हाताने उभी करतो. बिघडली तर रस्त्यात बसून मीच खोलीन. कुठल्या पण गावात तिचं सामान मिळतं.”

जन्मात पहिल्यांदा मी त्याला काहीतरी निवडताना बघितलं. आणि चांगलं निवडलं होतं. आमच्या अख्ख्या बिल्डिंगला जे दिसलं नाही ते त्याला दिसलं होतं.

मग त्याने पिशवी उलटी केली. गोळ्यांची पाकिटं. पांढरी, गुलाबी, दोन-दोन. “वीस दिवसांच्या आणून ठेवल्या. माझ्यामुळे तुमची अडचण नको. सान्वीला पण समजावून सांगितलंय कुठली कधी.” पाकिटांवर त्याने पेनाने तारखा घातल्या होत्या. मीटर लिहायचा त्याच अक्षरात.

म्हणजे माझं कारणच त्याने मांडीवर आणून ठेवलं. आता मला खोटं बोलायला काही उरलं नव्हतं.

“कौल लागला का काकी?”

मी पाकिटांकडे बघितलं. मागे आनंदीकडे बघितलं.

“डावा,” मी म्हटलं.

त्याने एक पाकीट उचलून सरळ ठेवलं. म्हणाला, “लगेच पडली?”

“लगेच.”

“मग काय,” दत्ताराम म्हणाला. “भैरी बोलला म्हणजे झालं.” आणि त्याने एक एक पाकीट पिशवीत भरायला घेतलं. “ह्या परत करून येतो. एवढ्या घरात साठवून कशाला ठेवायच्या? मी आहेच आता.”

एक पांढरी आणि एक गुलाबी तेवढी ठेवली. दार उचलून ओढलं. आनंदी दारातून बाजूला झाली, त्याला आत जाऊ दिलं. त्या दिवशी तिने गोड शिरा केला होता. वाटी माझ्याकडेही आली. मी खाल्ला.

पुढचं सगळं पटपट झालं. अभिनव म्हणाला, “बाबा, तुम्ही जात नाही तर रेडा माझ्या नावावर करू या ना. फुकट सोडायचा?” दत्तारामने केला. चार दिवस राबून इंजिन खोललं, प्लग बदलला, चेनला तेल घातलं, टाकी पुसून आरशासारखी केली. आणि अभिनव म्हणाला, मित्रांबरोबर कन्याकुमारीला जातोय.

कौलाचं नाव कोणी काढलं नाही. आनंदीने खाली जाऊन स्वतः चाकाखाली नारळ ठेवला. फुटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जितेंद्र म्हणाला, “बघ दत्ताराम, तू नाही तर तुझं नाव तरी जातंय.” दत्ताराम हसला. मुलाला सांगत होता, घाटात चढाला अर्धा क्लच दाबून ठेवू नकोस, जळेल. अभिनव कानात गाणं घालून बसला होता.

गाडी गोव्यापर्यंत गेली. तिथे ह्या पोरांना बीच आवडला. पाचव्या दिवशी परत. “पुढे काय, रस्ताच रस्ता आहे बाबा. बोअर.” दत्ताराम उठला. खाली जाऊन वाकून मीटर बघितला, खिशातलं फडकं काढून काच पुसली, वर आला.

दत्ताराम गेला त्याच महिन्याच्या शेवटी. संध्याकाळी खुर्चीत बसला, आनंदी चहा घेऊन आली तोवर संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय. चौथ्या दिवशी मी साईराजला फोन केला, देवाला सांग म्हणून.

“अरेरे,” साईराज म्हणाला. “आजी, भला माणूस हो. कौल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन केला होता त्यांनी. म्हणाले, देव नाही म्हणाला, माझा काही राग नाही, माझ्याही नावाने नारळ ठेव. मी म्हटलं, काका, नाही कसला म्हणाला? उजवा दिला की! आजींना तिथल्या तिथे सांगितलं मी. काकींच्या ऐकण्यात काही चूक झाली असेल म्हणाले, त्यांचे कान आता थकलेत. तुम्हाला बोलले नाहीत का?”

मी म्हटलं, “बोलला असेल. विसरले असेन.”

म्हणजे शिऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्याला माहीत होतं. रेड्याला तेल घालताना माहीत होतं. आनंदीने नारळ ठेवला तेव्हा तो बाजूला उभा होता, तेव्हाही. तो का बोलला नाही, हे मी बरेच दिवस शोधलं. घरातल्या बायकोला नको, शेजारच्या काकीला नको, मुलाला गाडी हवी. मग देवाचा एक हो घेऊन माणूस कुठे जाणार? आनंदीला मी हे सांगितलेलं नाही. हे लिहिलेलं वाचेल तेव्हा कळेल. तिला वाचता येतं माझ्यापेक्षा चांगलं.

आता त्याचा शेवटचा दिवस सांगते.

त्या दिवशी गॅरेजला कुलूप लागायचं होतं. चंदन म्हणाला, “दत्ताभाई, एक लास्ट काम. शेळी को भाईंदर में भंगारवाले के पास छोड के आना.” हे अभिनवला नंतर भंगारवाल्याने सांगितलं, आणि राहिलेलं कार्डावर होतं. कार्ड शर्टाच्या खिशात सापडलं. काशीगाव ते भाईंदर, निघताना आकडा, पोचताना आकडा, मध्ये सात किलोमीटर. एक इंचही जास्त नाही. दक्षिणेला निघायचा घोडबंदरचा रस्ता काशीगावातूनच फुटतो. टाकीत तेल होतं, गाडी त्याच्या हातात होती, मागायला येणारं कोणी नव्हतं. तो भाईंदरकडे वळला.

भंगारवाला म्हणाला, “चाचाने स्टैंड पे खड़ी की, पेट्रोल का कॉक बंद किया, चावी मेरे हाथ में दी. बोले, साइन करो. मैं बोला, चाचा, भंगार का क्या साइन? नहीं माने.” सही आहे कार्डावर. हिंदीत.

तिथून औषधवाल्याकडे गेला. माझा दहावा दिवस होता. पाच वाजता बेल वाजली.

“काकी, डावा पाय कसा आज?”

“आहे तसाच. बस ना. चहा टाकायला सांगते.”

“नको, आनंदी टाकतेय.” त्याने पिशवीतून दोन पाकिटं काढून स्टुलावर ठेवली. हाताला ग्रीस लागलेलं होतं, म्हणून पाकिटं कडेने धरली होती. मग उभ्या उभ्याच म्हणाला, “काकी, एक विचारू? त्या दिवशी देवाची कळी कुठल्या अंगाची पडली होती हो?”

त्याचा आवाज अगदी साधा होता. आज वार कुठला, असं विचारल्यासारखा.

मी म्हटलं, “डाव्या.”

“हो ना,” दत्ताराम म्हणाला. “मी विसरलो होतो.”

जरा वेळ तो माझ्याकडे बघत राहिला. मी पाकिटं उचलून तारीख वाचायचं सोंग केलं. चष्मा माझ्या डोळ्यांवर नव्हता.

“सकाळची पांढरी, जेवल्यावरची गुलाबी,” तो म्हणाला. “मागच्या पाकिटात एक पांढरी उरली असेल, ती आधी संपवा.”

मी म्हटलं, “बरं.”

त्याने चपला घातल्या. बाहेर गेला. दार थोडं वर उचललं आणि ओढून घेतलं. कडी लागली, आवाज न होता.